वाऱ्यानें आणलेली बातमी

ता. २८ एप्रिल १९८६, सोमवारची सकाळ. स्वीडन देशाच्या पूर्व किनाऱ्यावर फोर्समार्क येथें एक अणुवीजकेंद्र आहे. तेथील कामगारांना ठराविक जागीं तपासणी-यंत्रासमोर उभें राहून आपल्या अंगावर किरणोत्सर्गी धूळ नाहीं याची खात्री करून घ्यावी लागते. त्या सकाळीं एका कामगाराचे जोडे यंत्रासमोर येतांच धोक्याची घंटा वाजली. नवल असें कीं, हा गृहस्थ अणुभट्टीच्या बाजूस त्या दिवशीं गेलाच नव्हता. थोड्याच वेळांत इतरांच्या जोड्यांवरहि तीच धूळ सांपडली. केंद्रांतच कोठें तरी गळती झाली असावी, या समजुतीनें माणसें बाहेर काढण्यांत आलीं आणि सारें केंद्र तपासण्यांत आलें. गळती कोठेंहि नव्हती. मग शोध अंगणांत गेला आणि कोडें उलगडलें. ही धूळ परक्या ठिकाणची होती. ती आकाशांतून जमिनीवर उतरली होती आणि जोड्यांना चिकटून केंद्राच्या आंत आली होती.

ती कोठून आली हें सांगण्याचें काम हवामानशास्त्रज्ञांकडे आलें. मागील दोन दिवसांतील वाऱ्यांचे नकाशे समोर ठेवून त्यांनीं त्या वाऱ्यांची वाट उलट दिशेनें चालून पाहिली. ती वाट बाल्टिक समुद्र ओलांडून, लिथुआनिया व बेलारूस यांच्यावरून, त्या काळच्या सोव्हिएट संघांतील युक्रेनकडे जात होती. धुळींतील निरनिराळ्या द्रव्यांचें परस्परांशीं असलेलें प्रमाण पाहतां ती अणुबाँबच्या स्फोटाची नसून चालत्या अणुभट्टींतील आहे, हेंहि स्पष्ट झालें. त्याच रात्रीं नऊ वाजतां मॉस्कोच्या दूरचित्रवाणीवर चार-पांच वाक्यांचें एक निवेदन वाचण्यांत आलें: चेर्नोबिलच्या अणुवीजकेंद्रांत अपघात झाला असून एका भट्टीची हानि झाली आहे, उपाययोजना चालू आहे. अपघात होऊन तोंपर्यंत ६७ तास लोटले होते. अकराशें किलोमीटर चालून वाऱ्यानें ती बातमी आधींच पोंचविली होती.

बातमी आणि वारा यांच्या या शर्यतींत कोणाचें काय गेलें, हें समजण्यासाठीं प्रथम वाऱ्याचें वर्तन समजून घेणें अवश्य आहे.

चेर्नोबिल हें ठिकाण युक्रेनची राजधानी कीव्ह हिच्या उत्तरेस सुमारें शंभर किलोमीटरवर, प्रीप्यत नदीच्या परिसरांत आहे. ता. २६ एप्रिल रोजीं उत्तररात्रीं १ वाजून २३ मिनिटांनीं, तेथील चौथ्या भट्टीवर एक चांचणी चालू असतां, भट्टीची शक्ति कांहीं सेकंदांत बेसुमार वाढली आणि स्फोट झाले. भट्टीवरचें शेंकडों टन वजनाचें झांकण उडालें, इमारतीचें छप्पर फुटलें आणि आंतील ग्राफाइटनें पेट घेतला. स्फोटाच्या जोरानें व आगीच्या उष्णतेनें भट्टींतील द्रव्यें एक किलोमीटरहून अधिक उंच चढलीं. पुढें सुमारें दहा दिवस हें उत्सर्जन कमी-अधिक प्रमाणांत चालूच राहिलें. ही दहा दिवसांची मुदत फार महत्त्वाची आहे. कारण तेवढ्या काळांत वाऱ्यानें आपली दिशा अनेकदां बदलली.

शेतकरी खळ्यावर उफणणी करतो तेव्हां भरीव दाणा पायाशीं पडतो, पोचट दाणा थोडा दूर जातो, आणि भूस वाऱ्याबरोबर कुंपणापलीकडे उडून जातें. चेर्नोबिलच्या द्रव्यांची अशीच उफणणी झाली. युरेनियम इंधनाचे जड कण, त्यांत अडकलेलें प्लुटोनियम आणि बरेंचसें स्ट्रॉन्शियम हीं बहुतांशीं शंभर किलोमीटरच्या आंतच खालीं बसलीं. आयोडीन आणि सिझियम यांची गोष्ट निराळी. आयोडीन १८४ अंश सेंटिग्रेडला उकळतें, सिझियम ६७१ अंशांना. पेटलेल्या भट्टींत दोहोंचीहि वाफ झाली. ती वर थंड हवेंत पोंचतांच तिचा मोठा भाग अतिसूक्ष्म धूलिकणांवर जाऊन बसला. झेनॉनसारखे वायु तर कोणत्याच कणाचा आधार न घेतां हवेंत मिसळून गेले. भट्टींतील झेनॉन जवळजवळ सर्व बाहेर पडला. आयोडिनाचा निम्म्याहून अधिक आणि सिझियमाचा सुमारें एक-तृतीयांश भाग बाहेर पडला.

सूक्ष्म कणांचें वजन इतकें थोडें असतें कीं, त्यांना खालीं येण्याची घाई नसते. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा कण अगदीं शांत हवेंतून एक किलोमीटर खालीं यावयाचा तर त्यास कित्येक महिने लागतील. तोंपर्यंत वारा नेईल तिकडे तो जाणार. आणि वारा म्हणजे एक प्रवाह नव्हे. जमिनीलगत तो एका दिशेनें वाहत असतां हजार-दीड हजार मीटरांवर त्याची दिशा व वेग दोन्ही वेगळीं असूं शकतात. म्हणून एकाच धुराड्यांतून निघालेला मेघ वरच्या बाजूस एका देशावर तर खालच्या बाजूस दुसऱ्या देशावर जातो. तो ताणला जातो, त्याच्या पट्ट्या होतात, आणि त्यांना पुन्हां फांटे फुटतात.

पहिल्या रात्रींचा वारा पश्चिमेकडे होता. भट्टीपासून अवघ्या तीन किलोमीटरवर प्रीप्यत नांवाचें, सुमारें ४९ हजार वस्तीचें, कामगारांचें नवें शहर होतें. सर्वांत दाट असा पहिला लोट शहराच्या बाजूनें निघून गेला आणि पलीकडील पाइन वृक्षांच्या रानावर पडला. तें रान थोड्याच दिवसांत तांबूस होऊन मेलें. ‘तांबडें रान’ हें नांव त्यास तेव्हांपासून मिळालें. वारा थोडा वळता तर तो लोट झोंपलेल्या शहरावर पडता. त्या शनिवारीं शहरांतील शाळा भरल्या होत्या, मुलें रस्त्यांवर खेळत होतीं. शहर रिकामें करण्यास दुसऱ्या दिवशीं, ता. २७ रोजीं, दुपारीं दोन वाजतां सुरुवात झाली.

त्यानंतर वारा वायव्येस वळला आणि बेलारूस व लिथुआनियावरून मेघ स्वीडन व फिनलंडकडे गेला. पुढें तो ईशान्येकडे फिरून बेलारूसच्या पूर्व भागावर आणि रशियाच्या ब्रियान्स्क प्रांतावर पसरला. एप्रिल संपतां संपतां वारा दक्षिणेकडे वळून कीव्हवर आला, आणि तेथून बाल्कन देशांकडे गेला. दुसरा एक फांटा मध्य युरोपांतून ऑस्ट्रिया व दक्षिण जर्मनीपर्यंत पोंचला. ता. २ मे रोजीं तो ब्रिटनवर होता. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यांतच जपान आणि अमेरिका येथील यंत्रांनींहि त्याची नोंद घेतली.

डोक्यावरून मेघ गेला म्हणजे ती भूमि दूषित झालीच, असें मात्र नाहीं. तेथें दुसरें एक तत्त्व आडवें येतें, आणि तें म्हणजे पाऊस. कोरड्या हवेंतून जे कण महिनोन्महिने खालीं आले नसते, ते पावसाच्या सरीबरोबर कांहीं मिनिटांत जमिनीस मिळतात. ता. २८ व २९ एप्रिलला फोर्समार्कच्या वायव्येस येव्ले शहराभोंवतीं जोराचा पाऊस झाला आणि स्वीडनमधील सर्वांत अधिक सिझियम तेथें उतरलें. राजधानी स्टॉकहोम चेर्नोबिलला त्याहून जवळ. परंतु पाऊस न मिळाल्यानें ती जवळजवळ कोरडी सुटली. त्याच दोन दिवसांत भट्टीच्या ईशान्येस सुमारें दोनशें किलोमीटरवर, गोमेल, मोगिलेव्ह व ब्रियान्स्क या प्रांतांच्या सीमेवर पाऊस पडला आणि तेथें किरणोत्सर्गाचा एक मोठा डाग उमटला. इकडे सरकारनें नकाशावर कंपास ठेवून भट्टीभोंवतीं तीस किलोमीटर त्रिज्येचें वर्तुळ काढलें आणि मे महिन्याच्या आरंभीं त्यांतील वस्ती हलविली. प्रीप्यत धरून त्या वर्षीं सुमारें १ लाख १६ हजार माणसांनीं घरें सोडलीं. वर्तुळाच्या आंतील कांहीं गांवें त्यामानानें स्वच्छ होतीं. आणि वर्तुळापासून दीड-पावणेदोनशें किलोमीटर दूर असलेल्या कांहीं गांवांत माणसें बेधास्त पेरणी करीत होतीं, त्यांच्या पायांखालीं मात्र तो डाग होता. त्या डागांचे नकाशे सोव्हिएट वृत्तपत्रांत प्रसिद्ध होण्यास १९८९ साल उजाडावें लागलें. १९८६ नंतरच्या वर्षांत आणखी दोन लाखांहून अधिक लोकांना स्थलांतर करावें लागलें.

सिझियमाचें अर्धायुष्य तीस वर्षांचें असल्यानें त्याचा हिशेब पिढ्यांचा आहे. आयोडिनाचा हिशेब दिवसांचा. किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मे होतें, सोळा दिवसांत पाव उरतें, ऐशीं दिवसांत हजारांत एक भागहि उरत नाहीं. जें काय अनिष्ट करावयाचें तें पहिल्या कांहीं आठवड्यांत करून तें नाहींसें होतें. त्याची वाटहि अगदीं घरगुती आहे. तें गवतावर पडतें. गाय दिवसभर हिंडून विस्तीर्ण कुरणांतील गवत खाते. एक-दोन दिवसांत तें दुधांत उतरतें. आणि तें दूध मूल पितें. मनुष्याच्या गळ्यांत थायरॉईड नांवाची एक लहानशी ग्रंथि आहे. तिला आयोडीन लागतें, आणि चांगलें कोणतें व विषारी कोणतें हें तिला ओळखतां येत नाहीं. मुलाची ही ग्रंथि लहान असल्यानें तेवढ्याच आयोडिनाचा मारा तिच्यावर कितीतरी पट अधिक बसतो. उपाय साधे आहेत: कांहीं आठवडे गाय कुरणांत सोडूं नये, ताजें दूध मुलास देऊं नये, आणि साधें आयोडीन वेळेवर पाजून ग्रंथि आधींच भरून ठेवावी. मात्र या तिन्ही उपायांस एक गोष्ट आधीं हवी, ती म्हणजे खबर.

पोलंडनें हें करून दाखविलें. हा देशहि त्या वेळीं सोव्हिएट गोटांतलाच होता. परंतु तेथील शास्त्रज्ञांनीं आपल्या यंत्रांवरून संकट ओळखलें आणि मॉस्कोच्या खुलाशाची वाट न पाहतां ता. २९ एप्रिलपासून आयोडिनाचें औषध वाटण्यास सुरुवात झाली. थोड्याच दिवसांत सुमारें एक कोटि मुलांना तें पाजण्यांत आलें. स्वीडनमध्यें गाईंना कुरणांत सोडण्यास मनाई झाली. कीव्हमध्यें मात्र ता. १ मे रोजीं, वारा शहराकडे वळलेला असतां, कामगारदिनाची मिरवणूक नेहमीप्रमाणें निघाली आणि तींत मुलेंहि चाललीं. सोव्हिएट आरोग्यखात्यानें दुधांतील आयोडिनाची मर्यादा ठरविली ती ता. ६ मे रोजीं. तोंपर्यंत दहा दिवस, म्हणजे आयोडिनाच्या अर्धायुष्याहून अधिक काळ, निघून गेला होता. खेड्यांतील घरोघरच्या गाईंचें दूध तर तिकडे लक्ष जाण्यापूर्वींच मुलांच्या पोटांत गेलें होतें.

या दहा दिवसांचा हिशेब पुढें मिळाला. चारपांच वर्षांत बेलारूस व युक्रेन येथील डॉक्टरांना मुलांमध्यें थायरॉईडचा कर्करोग आढळूं लागला. एरवीं हा रोग मुलांत क्वचितच होतो. संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीनें नोंदविल्याप्रमाणें, अपघाताच्या वेळीं अठरा वर्षांखालील असलेल्यांपैकीं सहा हजारांहून अधिक जणांस २००५ पर्यंत हा रोग झाला, आणि त्यांतील मोठा वांटा त्या दुधाचा होता. शस्त्रक्रियेनें व औषधांनीं बहुतेक वांचले. मृत्यूंची संख्या तोंपर्यंत पंधरा होती. पण गळ्यावरचा व्रण आणि जन्मभराचें औषध हीं हजारोंच्या वांट्यास आलीं. स्फोटाच्या रात्रीं आगीशीं झुंजलेले व त्या वर्षींच मरण पावलेले अठ्ठावीस कर्मचारी व अग्निशामक यांना वांचविणें कदाचित् कोणाच्याच हातीं नव्हतें. दूध थांबविणें मात्र हातीं होतें.

हें ज्ञान १९८६ सालीं नवें होतें काय? एकोणतीस वर्षांपूर्वींच तें पदरीं पडलें होतें. ता. १० ऑक्टोबर १९५७ रोजीं इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील विंडस्केल येथें, बाँबसाठीं प्लुटोनियम तयार करणाऱ्या भट्टीला आग लागल्याचें उघडकीस आलें. धुराड्याच्या तोंडाशीं गाळण्या बसवाव्या असा आग्रह सर जॉन कॉक्रॉफ्ट यांनीं पूर्वीं धरला होता व त्यावरून त्यांची थट्टाहि झाली होती. त्या गाळण्यांनीं त्या दिवशीं पुष्कळ धूळ अडविली. आयोडीन मात्र निसटलें. तेव्हां सुमारें पांचशें चौरस किलोमीटर प्रदेशांतील दूध कित्येक दिवस ओतून टाकण्यांत आलें. दुधाची वाट तेथें वेळींच बंद झाली. पण चौकशीचा संपूर्ण अहवाल पंतप्रधान मॅकमिलन यांनीं दाबून ठेवला आणि तो लोकांसमोर आला १९८८ सालीं.

त्याच वर्षीं, विंडस्केलच्या अकरा दिवस आधीं, रशियांतील उरल पर्वताच्या पूर्वेस मायाक येथें किरणोत्सर्गी कचऱ्याच्या टाकीचा स्फोट झाला होता. तेथील वारा ईशान्येचा रस्ता धरून गेला आणि सुमारें तीनशें किलोमीटर लांबीची एक अरुंद पट्टी दूषित झाली. दहा हजारांवर लोक हलविण्यांत आले. जगास याची वार्ता १९७६ सालीं झोरेस मेद्वेदेव्ह या परागंदा शास्त्रज्ञाच्या लेखांतून लागली, आणि सोव्हिएट सरकारनें ती मान्य केली १९८९ सालीं. वाऱ्याची अरुंद पट्टी, गवत, दूध, मूल हा सारा धडा अशा रीतीनें दोन्ही गोटांत लिहिलेला होता; तो कुलुपांत ठेवल्यामुळें दुसऱ्यास वाचतां आला नाहीं.

सिझियमाची कथा लांबली. ता. २ व ३ मेच्या पावसानें तें वेल्स, कंबरलंड व स्कॉटलंडच्या डोंगरांवर उतरलें. सुपीक चिकणमातींत सिझियम अडकून पडतें. डोंगरावरच्या आंबट, कुजट मातींत तें पुन्हां पुन्हां गवतांत चढतें. म्हणून जून १९८६ मध्यें तेथील मेंढ्यांच्या विक्रीवर व स्थलांतरावर निर्बंध घालण्यांत आले. ते थोडेच आठवडे राहतील अशी प्रथम अपेक्षा होती. शेवटचे निर्बंध उठले ते २०१२ सालीं. उत्तर स्वीडनमधील सामी लोकांचे रेनडिअर हिंवाळ्यांत दगडफूल खाऊन राहतात. दगडफुलास मुळें नसतात, त्याचें पोषण हवेंतून व पावसांतून होतें. म्हणून आकाशांतून पडलेलें सर्व तें धरून ठेवतें. त्या वर्षीं हजारों जनावरांचें मांस टाकून द्यावें लागलें.

वाऱ्याची मजल संपली तेथून व्यापाराची सुरू झाली. युरोपीय समुदायाकडून साहाय्य म्हणून भारतांत आलेलें सुमारें दोनशें टन आयरिश लोणी मुंबईच्या बाजारांत जावयाचें होतें. त्यांत चेर्नोबिलचा अंश असेल, या शंकेनें कांहीं नागरिकांनीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत दाद मागितली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. न्यायालयानें तज्ज्ञांची समिति नेमली. ठरलेल्या मर्यादेच्या आंतील किरणोत्सर्ग असलेलें लोणी खाण्यास अपायकारक नाहीं, असा निर्वाळा तिनें १९८८ सालीं दिला. मुंबईच्या ग्राहकास उत्तर मिळालें तें त्यानें प्रश्न विचारला म्हणून, आणि मोजमाप करून तें उघडपणें सांगणारी मंडळी तेथें बसली म्हणून. गोमेलच्या खेड्यांतील आईला मे महिन्यांत हा प्रश्न विचारावा हेंच माहीत नव्हतें.

अपघातानंतर पांचच महिन्यांनीं, ता. २६ सप्टेंबर १९८६ रोजीं, व्हिएन्ना येथें एक आंतरराष्ट्रीय करार संमत झाला. सीमेपलीकडे जाऊं शकेल असा अणु-अपघात घडल्यास त्याची सूचना संबंधित राष्ट्रांस तत्काळ द्यावी, हें त्याचें सार. राष्ट्राराष्ट्रांमधील मौनावर हा इलाज झाला. राष्ट्राच्या पोटांतील मौन त्यानें सुटलें नाहीं, हें जपाननें दाखविलें. ता. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर व समुद्राच्या लाटेनंतर फुकुशिमा येथील भट्ट्या वितळल्या. सरकारनें भोंवतीं वीस किलोमीटरचें वर्तुळ आंखलें. वारा बहुतेक दिवस पॅसिफिक महासागराकडे होता, हें जपानचें भाग्य. परंतु ता. १५ मार्च रोजीं तो वायव्येस वळला, पाऊस व बर्फ पडलें, आणि वर्तुळाबाहेरील ईतातें नांवाचें गांव दूषित झालें. वारा कोणीकडे जाईल याचें गणित करणारी यंत्रणा जपानपाशीं होती व ती चालूहि होती. तिचें उत्तर लोकांस प्रथम दाखविण्यांत आलें तें ता. २३ मार्चला. तोंपर्यंत किनाऱ्याकडील नामिए गांवचे कित्येक लोक सुरक्षित समजून नेमके त्याच वायव्य दिशेस जाऊन राहिले होते. ईतातें गांव सोडण्याचा हुकूम निघाला तो एप्रिलमध्यें.

वर्तुळ आंखणें सोपें असतें आणि पहिल्या घटकेस तें आंखावेंच लागतें. पण तें आंखून झाल्यावर मान वर करून वारा कोणीकडे आहे व पाऊस कोठें पडत आहे हें पाहणें, आणि जें दिसेल तें त्याच दिवशीं त्या वाटेवरील माणसांस सांगणें, हें खरें संरक्षण होय. फोर्समार्कच्या त्या कामगाराजवळ कोणतीहि गुप्त बातमी नव्हती. त्याच्या जोड्यांवर धूळ होती, समोर मोजणारें यंत्र होतें, आणि घंटा वाजल्यावर ती ऐकूं न आल्याचें सोंग कोणीं घेतलें नाहीं.